लाल झाडावरची केशरी फांदी

सीवूड्स, नवी मुंबई
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. पुतळाअक्का,

दिनाचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. ओळखूनही फोडलंस तर बरं वाटेल. न फोडता देवामागे ठेवून दिलंस तरी तुझा हक्क आहे.

इकडे सगळे ठीक. अरुणाची साखर आटोक्यात आहे. निखिलचं ऑफिस महाप्याला आलं, त्यामुळे तो सातपर्यंत घरी असतो. जाई सिनियर केजीत गेली. ती तुझ्यावर गेली आहे, कपाळ तेच आणि हट्टही तोच. तिला शाळेच्या बसवरून आता तिची आई मनालीच आणते, तिच्या कामाची वेळ बदलली म्हणून. दाजींचे गुडघे कसे आहेत? ओगलेवाडीला थंडी फार असेल यंदा. इथे सकाळी जरा गार असतं, नऊ वाजले की संपलं.

फोन करणार होतो. तीनदा नंबर काढला. पण फोनवर हल्ली मला शब्द पटकन सापडत नाहीत, आणि तू पलीकडे गप्प राहिलीस तर मी काय करू? कागदावर निदान खाडाखोड तरी करता येते.

आता मुख्य गोष्ट. हसू नकोस, गुलाबाची आहे.

रिटायर झाल्यापासून मी सोसायटीच्या गच्चीवर गुलाब करतो. चाळीसेक झाडं आहेत, प्लास्टिकच्या अर्ध्या पिंपांतली. कमिटीने परवानगी दिली आणि गच्चीची किल्लीही माझ्याकडेच ठेवली. नर्सरीतून तयार झाडं मी आणत नाही. जंगली गुलाबाच्या खुंटाला चीर द्यायची, चांगल्या जातीच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, सालीसकट सोलून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. त्या नखाएवढ्या डोळ्यातून पुढे अख्खं झाड होतं. कुठल्या तारखेला कुठल्या खुंटावर काय भरलं, त्याची माझ्याकडे वही आहे. तू मला ओळखतेस, मी शाळेतसुद्धा वहीला समास आखणारा.

सगळ्यात जुनं झाड गडद लाल फुलांचं. बारा वर्षांचं. आधी गॅलरीत होतं, मग वर नेलं. त्याचा रंग मला डोळे मिटून माहीत आहे. तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्यात गेली माझी. गिऱ्हाईकाने कापडाचा तुकडा पाठवायचा आणि मी तंतोतंत त्या रंगाचं मिश्रण बसवून द्यायचं. रंगाच्या बाबतीत मी चुकत नाही, एवढं मला माझ्याबद्दल नक्की माहीत होतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी वर गेलो आणि त्या लाल झाडाच्या एका फांदीवर केशरी फूल. सगळं झाड लाल आणि एकच फांदी वेगळी. फिकट, दुधात केशर जरा जास्त पडावं तसा रंग. बाहेरच्या एका पाकळीवर तेवढा लाल फराटा.

मी पहिलं काय केलं, तर गच्चीचं दार आतून लावून घेतलं.

तू म्हणशील, फुलाला काय घाबरायचं? पण नीट विचार कर. गच्चीची किल्ली माझ्याकडे. डोळा भरण्याचा चाकू माझ्या कपाटात. झाडांना दुसरं कोणी हात लावत नाही. मग लाल झाडाला केशरी फांदी आली कुठून? कोणीतरी तिथे दुसऱ्या जातीचा डोळा भरला म्हणूनच ना? आणि तो भरणारा माणूस माझ्याशिवाय कोण असणार? मी वही तीन वर्षं मागे चाळली. नोंद नाही. म्हणजे मी ते काम केलं, चाकू धुऊन जागेवर ठेवला, आणि त्यातलं काहीही मला आठवत नाही. लिहायचंही राहिलं.

मी खाली बसून फांदीचा जोड शोधला. कधी दिसल्यासारखा वाटतो, कधी नाही. भिंग घेऊन बघायचं धाडस झालं नाही.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी वर जातो आणि त्या फांदीवरच्या कळ्या रंग दिसायच्या आत खुडतो. कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात खाली दाबतो. फांदीच कापून टाकावी हे मलाही कळतं. पण कापली आणि जोड सापडला तर?

एकदा जाई मागोमाग वर आली. एक कळी माझ्या नजरेतून सुटून उमलली होती. ती म्हणाली, "आजोबा, हे फूल चुकलंय!" मी तिच्यावर ओरडलो. पाच वर्षांत पहिल्यांदा. ती रडली नाही, नुसती बघत राहिली, तेच जास्त लागलं.

तर अक्का, विचारायचं ते असं. आपल्या आप्पांचं पहिल्यांदा काय गेलं? शेवटचं नको. शेवटचं मला माहीत आहे. अगदी सुरुवातीला, कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं तेव्हा, तुला काय दिसलं होतं? सहज विचारतोय. पेपरात या विसरण्याच्या आजारावर लेख आला होता, त्यावरून आठवलं.

उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर देऊ नकोस. वाटलं तर मात्र लवकर दे.

दाजींना नमस्कार.

तुझा
दिना

.

सीवूड्स
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का,

तुझं कार्ड मिळालं. पाच ओळी आहेत, त्या मला पाठ झाल्या. "आप्पा सगळ्यांना पाहुणं म्हणायला लागले. शेजाऱ्याला पाहुणं, दूधवाल्याला पाहुणं. लोकांना वाटलं, म्हातारा रंगात आलाय. नावं गेली होती. गुलाबातलं मला कळत नाही, खरं काय ते लिही."

कार्ड वाचून मी खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसलो. सेक्रेटरी समोरून आला. "काय साहेब, कसं काय?" मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला तुझं कार्ड आठवलं. मी वॉचमनला साहेब म्हणतो. लिफ्टवाल्यालाही साहेब. सगळे म्हणतात, दिनानाथकाका फार अदबीने बोलतात. सेक्रेटरीचं नाव रणजीत आहे, हे मी नंतर नोटीस बोर्डावर वाचलं. अक्का, तो आणि मी आठ वर्षं एकाच मजल्यावर राहतो.

त्याच दिवशी मी युसुफभाईंना फोन केला. युसुफ मुकादम, उरण रस्त्याला जासईजवळ त्यांची नर्सरी आहे. डोळा भरायला त्यांनीच मला शिकवलं, त्यांच्या अंगणात बसवून, सत्तर-ऐंशी खुंट माझ्या हातून वाया घालवून. त्यांची मुलगी बतूल दापोलीला बागायतीचं शिकून आली आहे. मी म्हटलं, दोघं या आणि एक फांदी बघून जा. का, ते सांगितलं नाही.

तीन दिवस कळ्या खुडल्या नव्हत्या, त्यामुळे ते आले तेव्हा एक फूल पूर्ण उमललेलं होतं. युसुफभाई गच्चीच्या दारातच थांबले. "दिनाभाऊ! हे कधीपासून?"

"महिना-दीड महिना झाला."

"आणि आम्हाला आज सांगतोस? बाकीची फुलं कुठे आहेत?"

मी म्हणालो, खुडली. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी मशिदीत चपला घालून गेलो होतो.

बतूल काही न बोलता गुडघ्यांवर बसली. बुंध्यापासून बोटाने चाचपत वर आली. मी तिच्या मागे उभा होतो. न्यायाधीशापुढे उभं राहावं तसं.

"काका, खालच्या जंगली खुंटातून फूट आली असती तर पानं निराळी असती," ती म्हणाली. "ही पानं तीच आहेत, काटेही तेच. आणि तुम्ही डोळा भरला असता तर इथे साल जुळल्याची खूण राहिली असती. बघा, हात लावा. फांदी सरळ तिच्याच अंगातून निघालीय."

"म्हणजे मी भरला नाही?"

"नाही."

"मग कोणी केलं?"

"कोणीच नाही. झाडाच्या एखाद्या पेशीत आपोआप बदल होतो. त्या पेशीपासून जी फांदी वाढते, ती नवा रंग घेऊन येते. गुलाबात होतं असं, कितीतरी जाती अशाच मिळाल्यात. पण लोकांच्या बागेत जन्मात एकदा दिसलं तर दिसतं." मग ती हसून म्हणाली, "तुम्हाला काय वाटलं होतं?"

मी म्हणालो, "तसं काही नाही."

अक्का, ते दोघं गेल्यावर मी गच्चीवर एकटाच मोठ्याने हसलो. मग खाली उतरून स्टेशनजवळून जिलेबी आणली. अरुणा विचारते, कशाबद्दल? मी म्हटलं, गुलाबाबद्दल. तिला वर नेलं, फूल दाखवलं. दीड महिना मी ज्या फुलाला घाबरत होतो ते तिने सरळ तोडून केसांत माळलं. मला वाटलं, सुटलो. जिलेबी खाऊन दुपारी गाढ झोपलो.

उठलो तेव्हा तुझं कार्ड टेबलावर होतं. खरं काय ते लिही.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की जाईला आता मनाली आणते, तिची कामाची वेळ बदलली म्हणून. तसं मनालीने आम्हाला सांगितलं. मी मान डोलावली. तिने कारण सांगताना माझ्याकडे बघितलं नव्हतं.

अकरा डिसेंबर, बुधवार. गुलाबाच्या आधीची गोष्ट. जाईची बस पावणेएकला मॉलच्या मागच्या कोपऱ्यावर येते. तिथून घर चालत दहा मिनिटं. दोन वर्षं मी रोज तिला आणत होतो. त्या दिवशी तिचं दप्तर घेतलं, पाण्याची बाटली स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि निघालो. आणि मला आमची इमारत सापडेना. सोसायटीच्या कंपाउंडला पिवळा जाऊन करडा रंग दिला होता, त्यामुळे गोंधळ झाला.

नाही, हे खरं नाही. रंग ऑक्टोबरातच दिला होता.

मला इमारत सापडली नाही, एवढंच खरं. सगळ्या सेक्टरांचे रस्ते सारखे दिसायला लागले. मी जाईला विचारलं, आपलं घर कुठे आहे सांग बघू? तिला खेळ वाटला. ती मुद्दाम उलटीकडे हात दाखवून हसत सुटली, आणि मी तिकडेच गेलो. पाम बीच रोड तिचा हात धरून ओलांडला. सिग्नल होता का, ते आठवत नाही. ते आठवत नाही हे मला रोज आठवतं. पुढे सारसोळ्याच्या जेट्टीवर पोचलो. ती दमली होती. तिला मी खाली उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसवलं आणि म्हटलं, इथेच बस हं, मी घर बघून येतो.

मग मी चालायला लागलो, आणि चालता चालता सगळं पुन्हा ओळखीचं झालं. हे दुकान, ते मंदिर, आमचं गेट. मी अगदी सरळ घरी आलो. अरुणा बँकेत गेली होती. मी कुलूप उघडलं, हात धुतले, ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसलो.

भूक चांगली लागली होती, अक्का. दोन पोळ्या खाल्ल्या. पाणी प्यायला खाली वाकलो तेव्हा गळ्यातली बाटली ताटावर आपटली. गुलाबी बाटली, तिच्यावर सशाचं चित्र.

मी कसा धावलो ते मला सांगता येणार नाही. रिक्षा केली असती तर लवकर पोचलो असतो, तेही सुचलं नाही. जेट्टीवर गेलो तेव्हा जिथे तिला बसवलं होतं त्या पायऱ्या दिसतच नव्हत्या. भरती आली होती. सगळं पाणी. मी तिथे उभा राहून तिच्या नावाने हाका मारत सुटलो.

वर जाळी विणत एक कोळीणबाई बसली होती. तिने हात केला. "ओ बाबा, ही पोर तुमची हाय का? येकलीच बसली व्हती पान्यापाशी. मी बोल्ले, चल वर, तर बोल्ते आजोबांनी इथंच बसाला सांगितलंय. उचलूनच आनली तिला." जाई तिच्या जाळ्याच्या ढिगावर बसून बिस्कीट खात होती. मला बघून म्हणाली, "आजोबा, तुम्ही मला शोधत होतात?"

मी म्हणालो, हो.

घरी सांगितलं, फ्लेमिंगो दाखवायला नेलं होतं. कोणी काही विचारलं नाही. पुढच्या सोमवारपासून मनालीची वेळ बदलली.

त्या कोळीणबाईचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

आता तुला कळलं असेल, फुलाला मी का घाबरलो. जेट्टीचं मी मनात कुठेतरी पुरून टाकलं होतं. एकदाच झालं, उन्हाने झालं, सकाळी नीट खाल्लं नव्हतं म्हणून झालं. त्या फुलाने सांगितलं की एकदाच नाही. आता बतूल म्हणते, फुलात माझा हात नाही. ठीक आहे. पण जेट्टीवर तिला मीच बसवलं होतं. तिथे कुठल्या पेशीवर ढकलू?

अजून घरात कोणाला बोललो नाही. मला फार भीती वाटते. तू आप्पांचं सगळं बघितलंस, म्हणून तुला लिहितो. दुसऱ्या कोणाला लिहू?

दिना

.

सीवूड्स
रविवार, १६ मार्च २०२५

ती. अक्का,

माझं पत्र मिळाल्यावर तू मला फोन न करता अरुणाला केलास. पहिल्यांदा राग आला. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तुझं ऐकत होती, "हो वन्सं, हो," एवढंच म्हणत होती, आणि मला दाराबाहेरून कळलं की पलीकडे तू आहेस आणि काय सांगते आहेस. नऊ वर्षांनी तुझा आवाज आमच्या घरात आला तो असा, दुसऱ्याच्या कानात.

फोन ठेवून ती बाहेर आली आणि म्हणाली, "मला डिसेंबरपासून माहीत आहे. जाईने त्याच संध्याकाळी मनालीला सांगितलं, आजोबा मला ठेवून जेवायला गेले होते म्हणून. तुमच्या शर्टावर आमटीचा डाग होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. आणि खरं सांगू का? बोलले की ते खरं होईल, असं वाटत होतं. मी पण घाबरलेच होते ना!"

चार माणसं एका घरात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला कळू नये म्हणून जपून वागत होता. निखिलने माझ्या फोनमध्ये मी कुठे आहे ते त्याला दिसेल अशी सोय करून ठेवली होती. मला न विचारता. मी रागावलो नाही. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. खरं तर केलं नसतं. आप्पांच्या वेळचं मला माहीत आहे.

वाशीला डॉक्टरकडे गेलो. चाळिशीच्या बाई आहेत, घाई करत नाहीत. त्यांनी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. मला दोन सांगता आले. मग घड्याळ काढायला लावलं. मी गोल छान काढला, हात अजून स्थिर आहे माझा. पण आकडे भरले तर बाराच्या बारा उजव्या बाजूलाच गोळा झाले, डावी बाजू रिकामी. मला दिसत होतं की काहीतरी चुकलंय. काय चुकलंय ते मात्र दिसेना. अरुणा शेजारी बसली होती, तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. परवा बाईंनी सगळं समोर ठेवून सांगितलं. तोच आजार आहे, आप्पांचा. सुरुवात आहे. गोळ्या दिल्यात, त्यांनी थांबत नाही पण काही जणांत वेग कमी होतो. किती वर्षं, ते कोणी सांगू शकत नाही.

बाईंनी विचारलं, कशाची सर्वांत जास्त भीती वाटते? लोक बहुधा सांगत असतील, माणसं विसरण्याची. मला जाईचं नाव विसरण्याची तेवढी भीती नाही, नाव खिशात लिहून ठेवता येईल. भीती ही आहे की तिला कुठेतरी पाण्याच्या कडेला बसवून मी पुन्हा शांतपणे घरी येईन, हात धुईन आणि जेवायला बसेन. आणि जेवण गोड लागेल.

म्हणून काही गोष्टी मीच ठरवल्या. जाईला घेऊन मी एकटा बाहेर जाणार नाही. गच्चीची किल्ली रणजीतकडे दिली, वर जाताना कोणीतरी सोबत असेल. गॅस मी पेटवणार नाही. निखिल म्हणाला, "बाबा, एवढ्यात कशाला?" मी म्हटलं, मला कळतंय तोवरच ठरवून घेऊ दे. पुढे मी भांडेन, तेव्हा माझं ऐकू नका.

अरुणा आणि मी सारसोळ्याला जाऊन आलो. कोळीणबाई जेट्टीवरच भेटली. मेहरुन्निसावहिनी, म्हणजे युसुफभाईंची बायको, त्यांनी शिवलेली एक गोधडी अरुणाने तिला दिली. मी हात जोडले. ती म्हणाली, "येवढं काय त्यात, पोर ती पोर." मी पुन्हा नाव विचारायला विसरलो. अरुणाने विचारून घेतलं आहे.

गुलाबाचं म्हणशील तर युसुफभाई त्या फांदीवरचे पाच डोळे घेऊन गेले, त्यातले दोन धरलेत. रंग टिकतो का ते बघायला दोन-तीन हंगाम जावे लागतील. बतूल म्हणते, कधी कधी अशी फांदी पुन्हा मूळ रंगावर जाते. मी हल्ली काही खुडत नाही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. तीन रविवार टाळलं.

आप्पा गेले त्याला परवा नऊ वर्षं होतील. तुझ्या ओसरीवर भावकी बसली होती, अर्धं ओगलेवाडी बसलं होतं. तिसऱ्या दिवशी उसात सापडलेला आपला बाप समोर होता आणि मी सगळ्यांदेखत तुला म्हणालो, "एक म्हातारा माणूस सांभाळता आला नाही तुला." तू पदर तोंडाला लावलास आणि आत गेलीस. काही बोलली नाहीस. त्यानंतर आजवर आपण बोललो नाही. लोकांना एवढं माहीत आहे.

लोकांना जे माहीत नाही ते मला आणि तुला माहीत आहे. आप्पा घराबाहेर पडले त्याच्या चार दिवस आधी तू मला फोन केला होतास. मी लॅबमध्ये होतो. तू म्हणालीस, दिना, पंधरा दिवस आप्पांना घेऊन जा. माझं पिशवीचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललंय, डॉक्टर आता ऐकत नाहीत. हल्ली ते दुपारी दार उघडून निघतात, मी एकटी किती वेळ जागी राहू? तू रडत होतीस. मी म्हणालो, मार्च एंड आहे, माल जायचाय, एप्रिलमध्ये बघू. तू "अरे, ऐक तरी" म्हणालीस. मी फोन ठेवला. समोर निळ्या रंगाचा नमुना होता, तो मला जुळवायचा होता. तो रंग आजही मला जसाच्या तसा दिसतो.

त्या दिवशी ओसरीवर तू एकच वाक्य बोलली असतीस, याला मी फोन केला होता, तर मी कुठे तोंड दाखवणार होतो? तू बोलली नाहीस. चारचौघांत मला वाचवलंस, आणि मी त्याच चारचौघांत तुला गुन्हेगार करून एसटीत बसलो. आल्यावर अरुणालाही सांगितलं नाही. तिलाही नऊ वर्षं हेच वाटत होतं की वन्संचं लक्ष नव्हतं.

मला वाटायचं, माफी कधीतरी मागू. वय झालं की मागतातच लोक. आता हिशेब वेगळा झाला. अजून दोन-चार वर्षांनी मी कदाचित तुझ्यासमोर बसून हसेन, तुला पाहुणं म्हणेन, आणि आपण असं काही केलं होतं हे माझ्या गावीही नसेल. मला सुटल्यासारखं होईल आणि तो फोन एकट्या तुझ्याजवळ राहील. तू सांगितलंस तरी मी म्हणेन, मी? छे. या विचाराने मी फार घाबरलोय, अक्का. घड्याळाच्या त्या रिकाम्या बाजूपेक्षाही जास्त.

म्हणून आज सकाळी अरुणाला, निखिलला आणि मनालीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तुझा फोन, माझे शब्द, ओसरीवरचं बोलणं. अरुणा उठून आत गेली. निखिलला मी म्हटलं, हे लक्षात ठेव. माझ्याकडून जाईल, तुझ्याकडून जाऊ देऊ नकोस. आत्याला यातलं काही एकटीने बाळगायला लागू नये.

तू अरुणाला म्हणालीस की गुढीपाडवा झाला की चार दिवस येते. ये. निखिल गाडी घेऊन येईल. माझ्यासाठी येऊ नकोस, तो हक्क माझा नाही. अरुणाला तुझ्याकडून शिकायचं आहे, म्हणून ये. ते सगळं तू एकटीने केलंस, आणि मी त्याला लक्ष नसणं म्हणालो.

अक्का, आप्पांना तू सांभाळलंस. हात सोडला तो मी. आज तारीख, वार, सगळं नीट आठवत असताना, माझ्या हाताने लिहून देतो.

तुझा फोन ठेवणारा भाऊ,
दिनानाथ हौसेराव